तेल किलोमीटरवर मोजावे की महिन्यांवर?

मागील अंकात वाहनकर्जाविषयी लिहिले होते. ते वाचून कुडाळच्या एका व्यापारी बंधूंचे पत्र आले. दिवाळीत त्यांनी टर्बो पेट्रोल इंजिनाची नवी गाडी घेतली. शोरूमवाले सांगतात, इंजिन ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा एका वर्षाने बदला. त्यांचा नेहमीचा फिटर म्हणतो, ५,००० ला बदला. पुण्यात शिकणारे चिरंजीव म्हणतात, हल्लीचे सिंथेटिक तेल १५,००० पर्यंत सहज चालते. ‘आपण बँकेत सर्व बाजू ऐकून निर्णय देत होता, आता हाही द्यावा,’ असे पत्राच्या शेवटी आहे.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य ताळेबंद वाचण्यात गेले. परंतु या एका प्रश्नाची शिकवणी मी रोख मोजून घेतलेली आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

निवृत्तीनंतर मालवणात स्थायिक झालो तेव्हा एक लिटर क्षमतेची, तीन सिलिंडरची टर्बो गाडी घेतली. गाडीचा दिनक्रम माझ्यासारखाच सुस्त. सकाळी देवदर्शन, तेथून भरडावरून बाजारपेठेत भावाच्या दुकानी, सायंकाळी नातवाला शिकवणीला सोडणे. एकही फेरी तीन किलोमीटरच्या वर नाही. पहिले सर्व्हिसिंग वेळेवर झाले. त्यानंतर सोळा महिने गेले आणि गाडी चालली जेमतेम ५,८०० किलोमीटर. मी मनाशी हिशेब केला : मर्यादा १०,००० ची, अजून ४,२०० शिल्लक. मधल्या पावसाळ्यात तेल भरण्याच्या टोपणाखाली मलईसारखा पांढुरका थर दिसला होता. तो मी फडक्याने पुसला आणि टोपण पुन्हा घट्ट लावले.

पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला लग्न होते. पाच माणसे, सामान आणि आहेराची खोकी घेऊन फोंडा घाटाने निघालो. अर्धा घाट चढल्यावर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, गाडीची ओढ गेली आणि मागे निळा धूर दिसू लागला. दाजीपूरला गाडी थांबविली ती थांबविलीच. आम्ही दुसऱ्या गाडीने लग्नाला पोहोचलो, अक्षता पडून गेल्या होत्या. गाडी ओढून नेल्यावर कळले की टर्बोचा दांडा सैल झाला असून त्याला तेल पुरविणारी बारीक नळी काजळीने जवळजवळ बंद झाली आहे. बिल झाले ७२,००० रुपये.

गाडी वॉरंटीत होती, म्हणून मी दावा केला. तो नाकारला गेला. मी संतापून तीन पानी पत्र लिहावयास घेतले आणि संदर्भासाठी गाडीची पुस्तिका उघडली. त्यात छापले होते : १०,००० किलोमीटर अथवा १२ महिने, जे आधी येईल ते. शेकडो कर्जदारांना हेच शब्द मी करारपत्रावर बोट ठेवून वाचून दाखविले होते. मुदत संपली, पण रक्कम अजून उचललेली नाही, असा युक्तिवाद करणाऱ्या कर्जदाराला आम्ही काय उत्तर देत असू, हे मला पाठ होते. ते पत्र मी पूर्ण केले नाही.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून तेलाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. सायलेन्सरमधून वाया जाणारा तप्त धूर वाटेतच एका लहान चक्राला फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाइतकी ताकद मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आपल्याकडे चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी, म्हणून कंपन्यांनी इंजिन लहान ठेवून त्यावर टर्बो बसविला. घराघरांत टर्बो येण्यामागे अभियांत्रिकीइतकीच करआकारणीही आहे, हे व्यापारी वाचकांच्या लक्षात येईलच.

घरातील छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. इंजिन जोरात असताना सहा हजार घेते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो, आणि त्याच्या एका अंगाला पेट्रोल इंजिनाचा ९०० अंशांच्या घरातील धूर असतो. हा दांडा बहुतेक गाड्यांत तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. तेच तेल त्याला वंगण देते आणि तेच त्याची उष्णता वाहून नेते. साध्या इंजिनात तेल थोडे शिळे झाले तरी इंजिन सोसून घेते. टर्बोला ती सवलत नाही.

तेल बिघडते कसे, हे मला त्या ७२,००० रुपयांनंतर नीट समजले. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. थोडे न जळलेले पेट्रोलही उतरते, आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नव्या इंजिनांत ते अधिक असते. इंजिन नीट तापले तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. परंतु काट्यावर इंजिन तापलेले दिसते तेव्हा ते त्यातील पाणी तापलेले असते. तेल तापावयास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. दीड-दोन किलोमीटरच्या फेरीत तेल कधी तापतच नाही. म्हणजे रोज थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल जमा होत राहते, खर्ची काहीच पडत नाही. तेल पातळ होते, त्यात आम्ल तयार होते, मळ धरून ठेवणारी त्यातील रसायने संपत जातात. टोपणाखालची मलई ही त्याचीच पावती होती, ती मी पुसून टाकली.

म्हणून माझ्यासारख्याची कमी चाललेली गाडी कमी थकलेली असते, हा समज चुकीचा आहे. रोज मालवण ते कुडाळ धामापूरमार्गे जाऊन येणाऱ्या गाडीचे तेल १०,००० किलोमीटरनंतर जितके बरे असेल, तितके बाजारपेठेत फिरणाऱ्या गाडीचे ४,००० नंतरही नसेल. किलोमीटरचा काटा चाकांचा हिशेब ठेवतो, थंड इंजिन किती वेळा सुरू केले याचा नाही.

पुस्तिका लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असते. बहुतेक पुस्तिकांत नेहमीच्या वेळापत्रकानंतर दुसरे एक वेळापत्रक असते : खडतर वापरासाठी. सर्व्हिसिंगच्या काउंटरवर त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वारंवार छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, घाटाची चढण, बराच वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे, अशी त्यातील यादी. आपल्या जिल्ह्यातील किती गाड्या या यादीबाहेर राहतील? चिऱ्यांच्या खाणींकडील रस्त्यांवर मार्च-एप्रिलमध्ये तांबडी धूळ अशी उडते की पुढची गाडी दिसू नये. आणि कोल्हापूर किंवा बेळगावहून माल आणावयाचा तर फोंडा, करूळ, आंबोली यांपैकी एक घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही. अशा वापराला अनेक पुस्तिकांत तेलाची मुदत जवळजवळ निम्मी केलेली आढळते. (खाऱ्या हवेचा दोष पत्र्याला आणि विजेच्या जोडण्यांना लागतो, तेलाला नव्हे. तो विषय वेगळा.)

१९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबाइल जेटफायर ही टर्बो असलेली गाडी विक्रीस आली. तिच्यात इंधनाशिवाय पाणी आणि मिथेनॉल यांचे एक मिश्रण ठरावीक काळाने भरावे लागे. अनेक मालकांनी ते भरलेच नाही, आणि कंपनीवर पुढे गाड्यांतील टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची वेळ आली. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. मालवणचा एक निवृत्त बँकवाला या बाबतीत एकटा नाही, एवढेच समाधान.

ज्यांच्याकडे डिझेलची गाडी किंवा मालवाहू पिकअप आहे त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. आज विकल्या जाणाऱ्या जवळपास सर्व डिझेल गाड्यांत टर्बो असतोच, मागे तशी अक्षरे लिहिलेली नसतात इतकेच. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणीही असते. ती तापून स्वच्छ होण्यासाठी गाडी काही काळ सलग पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते काम अर्धवट राहते आणि त्यासाठी वापरलेले डिझेल तेलात उतरते. अशा वेळी डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. शिल्लक वाढली म्हणून व्यापाऱ्याला आनंद व्हावा, पण येथे ते तेल तातडीने बदलण्याचे कारण आहे. पातळी महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहावी. रंगावरून मात्र काही ठरवू नये. डिझेलचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते आणि तरीही चांगले असते.

आता खर्चाकडे वळू. माझ्या गाडीला तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून सुमारे ३,५०० रुपये लागतात. वर्षातून एक बदल वाढविला तर दहा वर्षांत ३५,००० जास्त. माझे एकदाच ७२,००० गेले. तेल वेळेवर बदलले असते तर टर्बो गेलाच नसता, असे कोणी लिहून देणार नाही, आणि तेलाकडे दुर्लक्ष करूनही ज्यांचे काही बिघडले नाही असे लोक मला ठाऊक आहेत. परंतु साधी मोटार विमा पॉलिसी यांत्रिक बिघाड भरून देत नाही, वॉरंटी मुदत चुकली की हातातून जाते, आणि प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. म्हणजे जोखीम पूर्णपणे आपल्याच खात्यावर. वर्षाला ३,५०० मध्ये ती पुष्कळ कमी होत असेल तर मी तो हप्ता भरीन.

कुडाळच्या बंधूंनी पत्रात लिहिले आहे की गाडी रोज घर ते दुकान दीड किलोमीटर जाते आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर. त्यांच्यासाठी माझे मत असे : ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. अक्षय्य तृतीया आणि दिवाळी यांत साधारण तेवढेच अंतर असते, म्हणून मी स्वतः हेच दोन मुहूर्त धरले आहेत. वहीपूजनाच्या आठवड्यात तेल बदलले की तारीख विसरत नाही. ज्यांची गाडी रोज महामार्गावर पळते, त्यांनी ७,५०० ते १०,००० पर्यंत जाण्यास हरकत नाही, मात्र वर्ष ओलांडू नये. चिरंजीवांचे म्हणणे मोकळ्या रस्त्यापुरते बरोबर आहे, काही कंपन्या तेवढी मुदत देतातही. शोरूमवाल्यांनी नेहमीच्या वापराचे वेळापत्रक सांगितले. फिटरचे उत्तर सर्वांत जवळचे, फक्त त्याने महिने सांगितले नाहीत.

तेल कोणते, याबाबत फिटरचेही ऐकू नये आणि माझेही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा जो ग्रेड आणि जो दर्जा दिला असेल तोच घ्यावा. पिंपातील जाड, स्वस्त तेल जुन्या गाड्यांना चालून जाई. टर्बोच्या बारीक वाटांत ते थंडीच्या सकाळी वेळेवर पोहोचत नाही. डबा सीलबंद असावा, आपल्यासमोर उघडावा, आणि रिकामा डबा कापून टाकावयास सांगावे, म्हणजे त्यात दुसरे तेल भरून कोणी विकणार नाही. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्यावेत. वॉरंटीच्या वादात तेवढाच एक कागद उपयोगी पडतो. घाट चढून आल्यावर किंवा वेगात येऊन थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर तसेच चालू द्यावे. तप्त टर्बोत तेलाचा प्रवाह एकदम थांबला तर आतले तेल करपून नळीत धरते. माझ्या नळीत तेच झाले होते.

काढलेले तेल कोठे जाते, तेही विचारावे. आपल्याकडे जळके ऑइल वाशांना वाळवीसाठी लावण्याची किंवा गॅरेजमागच्या गटारात ओतण्याची सवय आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मालवणातले गटार शेवटी समुद्राला मिळते, आणि येथील किनाऱ्याचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे तेल देणारे गॅरेज थोडे लांब पडले तरी मी तेथेच जातो.

कुडाळच्या बंधूंना एक विनंती. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील खडतर वापराच्या वेळापत्रकाचे पान पत्रासोबत आले असते तर नेमके आकडे पडताळून पाहता आले असते. त्याची छायाप्रत संपादकांच्या पत्त्यावर अवश्य पाठवावी.