मास्टर शीट बदलली, कॉपींचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. मुख्य कार्यालयाने मास्टर शीटमध्ये दर बदलला, तरी शाखांच्या कॉपींत जुनाच राहतो. कारण गूगल शीट्समध्ये ‘मेक अ कॉपी’ केलं की मूळ फाइलशी संबंध तुटतो. चुकीचं बिल मात्र ग्राहकाच्या हाती पडतं.

शाखांना दोष देण्यापेक्षा रचना बदलावी. दरांचा तक्ता एकाच शीटमध्ये ठेवावा, कॉपींनी तो ‘इम्पोर्टरेंज’ने घ्यावा. यातून फक्त आकडे आणि मजकूर येतो, मूळ फॉर्म्युले किंवा रंग नाहीत. प्रत्येक दरापुढे लागू तारीख हवीच आणि बिलाच्या तारखेनुसारच दर निवडला जावा. नाहीतर जुनी बिलंही गुपचूप बदलतील.