छर्रा, खटका आणि नशीब

दोस्तांनो, बॅगाटेलचा बोर्ड तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर असेल. तिरकी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि खिळ्यांवर आपटत, वळणं घेत खाली येते. आपली कृष्णा अशीच येते की! महाबळेश्वरहून निघते, वाई, माहुली करत कराडला पोहोचते. तिथे समोरून कोयना भिडते, दोघी मिळून पूर्वेला वळतात आणि मग सांगलीचा घाट.

हा स्प्रिंगचा दांडा अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली पेटंट केला. पुढे त्याच फळीवर काच बसली, नाणं टाकायची फट आली आणि तिचं झालं पिनबॉल. १९३३ साली हॅरी विल्यम्स यांनी ‘कॉन्टॅक्ट’ नावाच्या मशीनला चक्क बॅटरीचे सेल जोडले. गोळी खड्ड्यात पडली की वीज तिला उडवून बाहेर काढायची, वर घंटाही वाजायची!

शाळेतली विजेची घंटा आठवा. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की लोखंड ओढलं जातं. पिनबॉलच्या पोटात अशी कितीतरी वेटोळी असायची. गोळी म्हणजे साधारण ८० ग्रॅमचा पोलादी छर्रा. तो रबरावर आदळला की मागची पत्ती पत्तीला टेकायची, खट्! वेटोळं दांडी ओढायचं आणि छर्रा दूर फेकला जायचा.

पण खरी गंमत हिशेबाची. कॉम्प्युटर नसताना मार्क लक्षात ठेवायचे कोणी? तर चाकांनी. चाकावर ० ते ९ आकडे. प्रत्येक खटक्याला चाक एक घर पुढे. नवावरून शून्यावर येताना ते शेजारच्या चाकाचा खटका दाबायचं, म्हणजे हातचा एक! मध्येच लाइट गेली तरी आकडे जागच्या जागी. मला विचाराल तर त्या मशीनमधली सगळ्यात हुशार वस्तू हे चाकच.

१९७४ साली डेव्ह नटिंग यांच्या कंपनीने ‘बॅली’ कंपनीच्या ‘फ्लिकर’ मशीनवर एक प्रयोग केला. आतल्या खटक्यांची कामं त्यांनी इंटेल ४००४ या चिमुकल्या मायक्रोप्रोसेसरकडे सोपवली. थोड्याच वर्षांत खटक्यांची मशीनं बनायची थांबली.

आता जरा भांडणाचं बोलू. १९४२ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी, फिओरेलो लाग्वार्डिया यांनी, पिनबॉलवर बंदी घातली. हा जुगार आहे, पोरांच्या खिशातले पैसे लुबाडतो, असं त्यांचं म्हणणं. हातोड्याने मशीनं फोडली गेली. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही, कारण तेव्हा छर्रा एकदा सुटला की खेळणाऱ्याच्या हाती फारसं काही नसे. बटण दाबून छर्रा परतवणारे फ्लिपर आले १९४७ साली, ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनमध्ये. तिथून खेळ बदलला. बंदी मात्र तशीच!

ती उठली १९७६ साली. रॉजर शार्प हा तरुण नगरपालिकेच्या सभासदांसमोर खेळला. छर्रा सोडण्याआधी त्याने सांगितलं, हा मधल्या वाटेने जाईल. आणि तो गेला! नशीब नाही, हाताची सफाई, हे पटलं. (चुकला असता तर? मला अजून धडधडतं.)

हा प्रश्न आपल्याकडेही आहे बरं का. मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या जुगारविरोधी कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वेगळे काढले होते. मग जत्रेतला रिंगा फेकायचा खेळ कशात बसवाल? पुढच्या वेळी पालीच्या खंडोबाला गेलात की दहा रिंगा मोजून पाहा, आणि ठोकळा रिंगेपेक्षा किती लहान आहे तेही बघून या.

तोवर घरी एक करा. मशीन हलवून लबाडी करणाऱ्यांना पकडायला विल्यम्स यांनीच ‘टिल्ट’ शोधून काढला. तारेची एक कडी करा. तिच्या मधोमध दुसऱ्या तारेला जड नट टांगा, कडीला न टेकेल असा. दोन्ही तारा सेल आणि टॉर्चच्या बल्बला जोडून हे बॅगाटेलच्या बोर्डाला बांधा. बोर्ड जोरात हलला की नट कडीला टेकेल, बल्ब लागेल. मग धाकट्या भावाला खेळायला बसवा आणि बल्बावर लक्ष ठेवा.