आजीचा दुष्काळ आणि बाबांची शुगर

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. विषय मात्र आपल्या घरातला आहे.

आमचं गाव वसमत तालुक्यात. बाबा शेतकरी, हळद आणि सोयाबीन. वजन कधी साठ किलोच्या वर गेलं नाही. मागच्या दिवाळीत त्यांना शुगर निघाली. सगळे म्हणाले, "एवढा वाळका माणूस, ह्याला कशी काय शुगर?" आजी चुलीपुढून म्हणाली, "माझ्या पोटात होता तवा बाहत्तरचा दुष्काळ व्हता. खडी फोडली, सुकडी अन् मिलो खाल्ला. लेकराला काय मिळणार?" मी हसले. होस्टेलला येऊन वाचायला लागले, तेव्हा ते हसू माझ्याच अंगावर आलं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं वरून बारीक असली तरी त्यांच्यात चरबी त्या मानाने जास्त! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. म्हणजे वाळका दिसणारा माणूस आतून वाळका असेलच असं नाही.

आता थोडं सायन्स. डीएनएवर एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटासा गट चिकटतो, त्याला मिथायलेशन म्हणतात. अक्षरं तीच राहतात, पण कोणता जीन किती चालणार ते बदलू शकतं. हा गट तयार व्हायला फोलेट आणि बी-१२ लागतं. पुण्याच्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट जास्त पण बी-१२ कमी, अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका जीनवर साठ वर्षांनंतरही मिथायलेशन त्यांच्या भावंडांपेक्षा कमी सापडलं. आजीचं बोलणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं तर!

पेशीचं पॉवर हाऊस म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्याचा स्वतःचा गोल डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जीन्सचा, आणि तो फक्त आईकडून येतो. आडनाव बाबांच्या घराण्याचं, पण पॉवर हाऊस आईच्या माहेरचं! यातलं ३२४३ नंबरचं एक अक्षर बदललं की डायबेटीस आणि बहिरेपणा येऊ शकतो, हे पक्कं सिद्ध झालंय. या गोल डीएनएवरही मिथायलेशन होतं आणि त्यातून डायबेटीस, कॅन्सर, हृदयविकार होतात, असे दावे २०११ नंतर बरेच झाले. इथे मात्र भांडण आहे. नेहमीच्या टेस्टमध्ये केमिकलने डीएनएची अक्षरं बदलून बघतात. गोल डीएनए पिळलेला असतो, त्यामुळे केमिकल आतपर्यंत पोचत नाही, आणि न पोचलेली जागा मिथायलेशन म्हणून मोजली जाते. गोल आधी कापून सरळ केला की बराचसा सिग्नल गायब! लॅबमध्ये प्रोब सैल असला की सीआरओवर दिसणाऱ्या नॉइजला आपण सिग्नल समजतो ना, तसंच.

म्हणून माझं पहिलं मत, उद्या कुणी 'मायटोकॉन्ड्रियाची मिथायलेशन टेस्ट करा, रोग आधीच ओळखा' म्हणून पाकीट विकायला आलं, तर आधी विचारा, तुमचा प्रोब तपासलाय का?

दुसरं मत जास्त महत्त्वाचं. हे सगळं वाचून "म्हणजे चूक आईचीच" असं कुणीतरी म्हणणारच. मला त्याचा राग येतो. आजीने दुष्काळ मागवला नव्हता. एकट्या बाबांवरून मी सिद्धांतही मांडत नाही, शुगरला वय, जेवण, टेन्शन अशी दहा कारणं असतात. पण आजही आमच्या घरी आई सगळ्यात शेवटी जेवते. दूध आधी पुरुषांना, मग पोरांना, उरलं तर चहाला. तिने कमी खाल्लं याचा हिशोब मागायचा असेल, तर आधी जेवून उठलेल्यांकडे मागा. त्यात मी पण आले.

पुण्याच्या त्या गावांतली बाळं मोठी झाल्यावर, २०१२ पासून त्यांनाच बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोग सुरू झाला, ती आईबाप व्हायच्या आधीच. म्हणजे तयारीचं वय आपलंच आहे! आणि आपण काय करतो? मुलींच्या होस्टेलमध्ये गुरुवार, चतुर्थी, वर डाएटिंग. मुलांच्या होस्टेलमध्ये रात्री मॅगी. मेस कमिटीला विनंती, आठवड्यातून दोनदा तरी अंडी, आणि न खाणाऱ्यांना वाटीभर दही द्या. फी थोडी वाढली तर मी भरायला तयार आहे.

या सुट्टीत घरी जाऊन मी एकच काम करणार आहे. आईचं ताट माझ्या ताटाशेजारी, एकाच वेळी वाढायचं. ती "तुम्ही घ्या, मी नंतर बसते" म्हणेलच. मी थांबून राहीन.

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स