एका गुंठ्याचा कागद

गेल्या महिन्यात आमच्या गावचे एक सुतार शाळा सुटल्यावर वर्गात आले आणि शंभर रुपयांच्या स्टांपावरचा एक कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, एवढा वाचून दाखवा." आम्ही वाचला. तालुक्याच्या गावाबाहेरील शेतातला एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट जागा, त्यांनी सहा वर्षांपूर्वी अडीच लाखांस घेतली होती. खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार आणि विकणाऱ्याची सही. पण विकणारा हा शेताचा धनी नव्हे. धन्याचे मुखत्यारपत्र घेऊन फिरणारा एक गृहस्थ. दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. सुतारांच्या कानी आले होते की सरकारने आता गुंठे कायदेशीर केले. "मग आता नाव लागेल ना?" एवढाच त्यांचा सवाल. त्याचे उत्तर आम्हांस एका शब्दात देता आले नाही, म्हणून हा लेख.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. वाटण्या होत होत शेताची अशी पट्टी उरू नये की तीत बैल वळविणेही कठीण व्हावे, हा त्याचा हेतु, आणि हेतु चांगलाच होता. २०२३ साली सरकारने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे हे प्रमाण ठरविले. त्याहून लहान तुकडा शेत म्हणून विकता येत नाही. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हा झाला कचेरीतला कायदा. सडकेच्या कडेचा कायदा निराळा आहे.

आम्ही पडलो मास्तर. फळ्यावर हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा, एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी एक एकर, म्हणजे ४० गुंठे, ४० लाखांस देऊ केले. घेणारा त्यास इसार देतो आणि मुखत्यारपत्र लिहून घेतो. आठ गुंठे रस्त्यास सोडतो, फक्की मारतो, सिमेंटचे खांब रोवितो आणि उरलेले ३२ गुंठे अडीच लाखांप्रमाणे विकतो. झाले ८० लाख. त्यातूनच शेतकऱ्याची बाकी भागवितो, आणि तीही पुष्कळदा हप्त्याहप्त्याने. बिनशेती परवानगी नाही, मंजूर आराखडा नाही, गटार नाही, पाणी नाही. जमीन कुणब्याची, पैसा सुताराचा, आणि ४० लाख नफा त्या तिसऱ्याचा, ज्याने इसारापलीकडे स्वतःची दमडी घातली नाही!

आता सरकारने काय केले ते पाहा. २०१७ साली ठरले की असे तुकडे बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करता येतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते २५ चे ५ झाले. २०२५ साली नवा अध्यादेश निघाला आणि जेथे आराखड्यात निवासी वा तत्सम बिनशेती वापर दाखविला आहे, तेथील १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांस तेही माफ झाले. दोन लाख सरकारी किमतीच्या गुंठ्यास आधी पन्नास हजारांपर्यंत, मग दहा हजार, मग शून्य. ज्याने सरकारचा शब्द प्रमाण मानून आधीच पैसे भरले तो बावळट ठरला, आणि ज्याने कायदा पायदळी तुडविला त्यास धडा मिळाला की थोडे थांबावे, कायदाच आपल्याकडे चालत येतो.

गुंतवणूक करणारे सारेच लुटारू आहेत असे आमचे म्हणणे नाही. रेराचा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून चालू आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडणाऱ्याने त्याखाली नोंदणी करावी, गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी ७० टक्के त्याच कामासाठी निराळ्या खात्यात ठेवावे, नोंदलेल्या करारावाचून १० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असे नियम आहेत. जो हे पाळतो, बिनशेती करितो, रस्ता व गटार बांधितो, त्याचा प्लॉट साहजिकच महाग पडतो. शेजारी खांब रोवून बसलेला त्यास भावात खाऊन टाकतो. प्रत्येक माफीने या सरळ माणसाचे नुकसान होते, याचा विचार कोण करितो?

ज्यांनी घरे बांधली, चुली मांडल्या, त्यांस माफी मिळाली याचा आम्हांस आनंदच आहे. पण आमच्या सुतारांचे काय? नाव लागण्यास दस्त मुद्रांक भरून नोंदवावा लागतो, आणि नोंदणीस मालक समोर हवा. मालक वारला, त्याबरोबर मुखत्यारपत्राचा जोरही बहुधा गेला. तीन वारस आहेत. जागेचा भाव चढला आहे, सहीचे पुन्हा पैसे मागतात. त्यांसही सगळा दोष देववत नाही, कारण बापाची बाकी अजून यावयाची आहे असे ते सांगतात. आणि मुखत्यार महाशयांचा फोन लागत नाही. माफीच्या अध्यादेशाने त्या महाशयांचा एक पैसाही परत घेतलेला नाही. दंड माफ करावयाचा तर राहणाऱ्यास करावा. ज्याने तुकडे पाडून विकले त्याच्याकडून तो दामदुपटीने वसूल व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात आपल्या वाडवडिलांनी सावकारांचे रोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला, आणि शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा कागद गावच्या निबंधकासमक्ष व्हावा अशी तजवीज त्यात होती. परक्या सरकारास जे सुचले ते आजच्यास का सुचू नये? मुखत्यारपत्र वा इसारपावती करण्यापूर्वी ती ग्रामसभेत वाचून दाखविली पाहिजे, एवढा नियम केला तरी निम्मे घोटाळे जागच्या जागी मरतील.

दुसरा मार्ग आपल्याच हाती आहे. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन विकून न टाकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात हिस्सा घेऊन नगर वसविले. आमचे गाव पुण्याच्या वेशीवर नाही, हे आम्ही जाणतो. पण गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमीन, योजनेत बसत असेल तर, कर भरून बिनशेती करून घेण्याची सोय महसूल कायद्यात आहे. चार भाऊबंदांनी मिळून रीतसर आराखडा केला तर मधल्या गृहस्थाचे काम काय?

ज्यांच्या पेटीत असा कागद असेल त्यांनी तो रविवारी सकाळी शाळेत घेऊन यावा. सोबत त्या गटाचा ताजा सातबारा आणावा, आणि जेथून जागा घेतली त्या शेतकऱ्याच्या घरच्या मंडळींसही बोलवावे. सुतार येणार आहेत, आणि त्या तीन वारसांपैकी थोरल्याने येण्याचे कबूल केले आहे.