विश्लेषण : राजाची नात, रत्नागिरीची रहिवासी! थिबाच्या वंशजांचे पुढे काय झाले?

रत्नागिरीला गेलेला पर्यटक थिबा राजवाडा पाहतो, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी न्याहाळतो आणि पुढे निघतो. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी येथे ठेवले होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. राजाच्या लेकींचे आणि नातीचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

थिबा रत्नागिरीत कसा आला?

तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या व्यवहारावरून ठोठावलेला दंड हे युद्धाचे निमित्त ठरले होते. थिबा तेव्हा अवघ्या २६ वर्षांचा होता. राणी सुपयालत आणि मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले गेले. रेल्वे नसलेले, मुख्यतः समुद्रमार्गे पोहोचता येणारे हे गाव पाळतीसाठी सोयीचे होते. आज दिसणारा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. म्हणजे ३० वर्षांच्या हद्दपारीत थिबाला तो जेमतेम सहा वर्षे लाभला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले.

राजकन्यांच्या वाट्याला काय आले?

चार मुली रत्नागिरीत वाढल्या. बरोबरीची स्थळे नाहीत, शिक्षणाची धड सोय नाही आणि प्रत्येक हालचालीवर सरकारी नजर. थोरली राजकन्या फाया जी निवासस्थानी कामाला असलेल्या एका विवाहित मराठी दरवानाच्या प्रेमात पडली. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली. ती टूटू.

१९१९ मध्ये कुटुंबाला मायदेशी परतण्याची मुभा मिळाली. थिबाचे पार्थिव नेण्याची परवानगी मात्र इंग्रजांनी नाकारली. राजाभोवती पुन्हा ब्रह्मी जनता एकवटेल, ही भीती त्यामागे होती. ती अगदीच निराधार नव्हती. पुढे धाकट्या राजकन्येने राज्य आणि मालमत्तेवर उघड हक्क सांगितला, तेव्हा तिची रवानगी रंगूनहून मोलमीनला झाली. तेथेच १९३६ मध्ये तिचे निधन झाले.

टूटू कोण होती?

थोरली राजकन्या मायदेशी रमली नाही. ती रत्नागिरीलाच परतली आणि १९४७ मध्ये तेथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, स्थानिक तरुणाशी तिचे लग्न झाले, मोठा संसार झाला. मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाची ही नात आयुष्यभर गरिबीत राहिली. २००० मध्ये तिचे निधन झाले. सुधा शहा यांच्या ‘द किंग इन एक्झाइल’ या २०१२ मधील पुस्तकाने या कुटुंबाची कहाणी तपशिलाने मांडली.

तिची जबाबदारी कोणाची होती?

इंग्रजांनी थिबाच्या कुटुंबाला तनखा दिला, तो राजकीय धोका आवरण्यासाठी. टूटूपासून कोणालाच धोका नव्हता. त्यामुळे तिची विचारपूस करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. ब्रह्मदेशाला ती परकी, भारतात ती चार गरिबांतली एक. राजघराण्याचे सिंहासन एका दिवसात जाते, पण हद्दपारीची किंमत पुढच्या पिढ्या हप्त्याहप्त्याने फेडतात.

आज काय करता येईल?

शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनमध्ये १८६२ मध्ये वारला. त्याची कबर तेथे आहे, थिबाची रत्नागिरीत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते. पाहुणे येतात तेव्हा समाधीची आठवण होते. पण इतिहास दगडांपुरता नसतो. थिबा राजवाड्यात आज वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या एका दालनात फाया जी आणि टूटू यांची कहाणी मराठीतून, सन्मानाने मांडायला फार मोठा खर्च येणार नाही. राजाला कैदेत ठेवण्यासाठी इंग्रजांनी रत्नागिरी निवडली. त्याच्या नातीला आपलेसे केले ते रत्नागिरीकरांच्या भाषेने. हे पर्यटकाला कळले, तर त्याला राजवाडा नव्याने दिसेल.