चिमटे वाकडे, म्हणून नदी विषारी?



माशांच्या कल्ल्यांवरील डिप्लोझून कृमीचे कल्ल्याला पकडणारे चिमटे वेडेवाकडे दिसले म्हणजे नदी विषारी, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष घाईचा वाटतो. चेक संशोधकांनी कार्पवर्गीय माशांवरील या कृमींत अशा विकृती नोंदवल्या आहेत, हे खरे. पण या कृमीची वाढच विलक्षण! दोन अळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. प्रत्येकीच्या अंगावर चिमट्यांच्या 4 जोड्या एकामागून एक तयार होतात. त्यात कुठे अडथळा आला, इजा झाली, तरी एखादा चिमटा खुरटू शकतो. तपासताना काचपट्टीवर जास्त दाब पडला तरी आकार बिघडतो. तेव्हा स्वच्छ पाण्यातील त्याच जातीचे कृमी तुलनेला घेतल्याशिवाय कोणत्याही कारखान्यावर प्रदूषणाचा ठपका ठेवू नये. पाण्याची रासायनिक तपासणी मात्र हवीच, आणि तीही आताच.

– एक वाचक