निम्म्या दिवसांचा हिशेब

बोरघाटातल्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाला सगळे ‘अमृतांजन पूल’च म्हणत. डोकेदुखीच्या बामाची जाहिरात तिथे झळकायची, म्हणून. २०२० मध्ये तो पाडला. १८९३ साली मुंबईत जन्मलेला बाम मात्र टिकून आहे, आणि ‘चोळा नि कामाला लागा’ हा आपला खाक्याही.

अर्धशिशीला हा खाक्या लागू पडत नाही. एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. उजेड, आवाज, फोडणीचा वासही सोसवत नाही. कर्नाटकातल्या एका मोठ्या पाहणीत १८ ते ६५ वयाच्या चौघांमागे एकाला वर्षभरात तिचा त्रास झालेला आढळला. बायकांत प्रमाण जास्त. आणि हीच वर्षं नोकरीत वर चढण्याची.

डॉक्टर ‘मिडास’ नावाची प्रश्नावली देतात. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामावर गेला नाहीत, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा अधिक मार्मिक: किती दिवस गेलात, पण काम निम्म्याहूनही कमी झालं? पुढे हेच दोन प्रश्न घरकामाबद्दलही आहेत. हजेरीपटाला फक्त पहिला प्रश्न कळतो. पडद्याचा उजेड कमी करून एकच ओळ तीनदा वाचणारी बाई त्याच्या लेखी ‘हजर’ असते. फिरतीची जागा, रात्रपाळी, परगावची बढती ती स्वतःच नाकारते. कारण विचारलं तर मुलांची शाळा पुढे करते. ‘डोकं दुखतं’ म्हणावं, तर ‘कुणाचं दुखत नाही?’ हे ऐकायची तयारी हवी.

मग खणातली गोळी. साधी वेदनाशामकं महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. रजा वाचवायला घेतलेली गोळी आजार वाढवते, आणि कामसू माणूसच यात आधी सापडतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. अर्धशिशीचं नाव त्यांत नाही. पण ठरावीक पाळी, वेळेवर जेवण, डोळ्यांवर न येणारा दिवा द्यायला कायदा कशाला लागतो?

दिवाळीत पहाटेची आंघोळ, अपुरी झोप, अवेळी फराळ, फटाक्यांचा धूर. काहींच्या झटक्याला एवढं पुरतं. आमच्या कचेरीत यापुढे रजेच्या अर्जावर ‘अर्धशिशी’ लिहिलं की खुलासा मागायचा नाही, असं ठरलं आहे. दिवाळी अंक छापायला जायच्या आठवड्यातही हा नियम पाळणार का, असं मुद्रितशोधकांनी लगेच विचारलं. हो म्हणालो आहोत.